ह्यांचे नवे शब्द

आमची शाळा बंद झाली त्या वर्षी मी निवृत्तीच्या टोकाला आले होते. डिचोली तालुक्यातल्या एका गावातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा. शेवटी शेवटी पटावर मुलं इतकी थोडी उरली की चारही वर्ग मी एकाच खोलीत घेत असे. एका बाकावर पहिली, तिच्या मागे दुसरी, जनेलाशी, उजेडात, तिसरी-चौथी. मग शेजारच्या गावातल्या शाळेत आमची शाळा विलीन करण्याचा हुकूम आला. बाकं गेली, फळे गेले, वजनकाटा गेला. मागे उरलं एक काचेचं कपाट आणि त्यात मुलांसाठीचा सचित्र ज्ञानकोश.

खाणी जोरात चालत होत्या त्या काळात एका खाणमालकानं तो शाळेला भेट दिलेला. निळ्या बांधणीचे जाड खंड. माझ्या आधीच्या हेडमास्तरांनी ते कुलपात ठेवले होते, मुलांचे हात लागून खराब होतील म्हणून. मी आले तेव्हा कुलूप काढलं. त्यामुळे काही खंडांची शिवण उसवली, काही पानांवर आमसुलाचे डाग पडले आणि वाघाचं चित्र कुणीतरी कापून नेलं. पण मुलांनी तो वाचला, निदान पाहिला तरी.

शेजारच्या शाळेच्या बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "तसलाच संच आमच्याकडे पण आहे, बाई. ठेवायला जागा नाही. तुम्हीच घरी न्या."

वरच्या साहेबांना विचारलं. तेही न्या म्हणाले.

न्यायला माझे यजमान टेम्पो घेऊन आले. हे मूळचे दोडामार्गकडचे. मिसरूड फुटायच्या आधी खाणीवर क्लीनर म्हणून आले, मग ड्रायव्हर झाले, मग स्वतःचा ट्रक घेतला. खनिजाचे ट्रक चालवण्यात ह्यांची उमर गेली. खाणी बंद पडल्यावर ट्रक बरेच दिवस आमच्या घरामागे उभा होता. टायरांभोवती गवत वाढलं तेव्हा तो विकला आणि हा छोटा टेम्पो घेतला. मांद्र्याच्या किनाऱ्यावर जी गेस्टहाऊसं आहेत त्यांना पाण्याच्या बाटल्या, गॅसचे सिलिंडर, कधी गाद्या, असलं सामान हे पोचवत.

हे मुळातच कमी बोलणारे. ट्रकच्या आवाजात बोलायची सवय गेली असेल, किंवा मुळात नसेलच. शाळेच्या पायरीवरून खंड उचलून टेम्पोत ठेवताना ह्यांनी एवढंच विचारलं, "हे वाचतलो कोण?"

"मी," मी म्हटलं.

"बरं."

आणि टेम्पो सुरू केला. आमच्या संसारातलं बहुतेक बोलणं ह्याच लांबीचं होतं. जेवण झालं का, येतो, पाणी सोडलंय का, लेकीचा फोन आला होता का. त्यात भांडण नव्हतं आणि अबोलाही नव्हता. मला शाळेत दिवसभर बोलून बोलून घसा बसलेला असायचा, तेव्हा घरातली शांतता मला आवडायचीच.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मांद्र्याहून फोन आला. गेस्टहाऊसच्या मालकीणबाई होत्या. म्हणाल्या, हे बाटल्यांचा खोका उतरवताना एकाएकी खाली बसले. उन्हाचं झालं असेल म्हणून त्यांनी सोड्याचा कोप, म्हणजे ग्लास, पुढे केला, तर कोप ह्यांच्या उजव्या हातातून गळून पडला. काय होतंय विचारलं तर तोंड उघडलं, पण आवाज काही निघाला नाही. त्यांनी गाडी करून ह्यांना पेडण्याला नेलं, तिथून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. मी पोचले तेव्हा हे खाटेवर होते. माझ्याकडे पाहिलं. ओळखलं हे मला कळलं. ओठ हलले. मी कान जवळ नेला. नुसता श्वास ऐकू आला.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही. उजवा हात आणि पाय हळूहळू सुधारतील. बोलण्याचं सांगता येत नाही. "त्यांना तुमचं बोलणं बरंचसं समजतंय," ते म्हणाले. "विचारही आहेत. पण शब्द सापडत नाहीयेत."

घरी आणलं त्या दुपारी हे झोपल्यावर मी ज्ञानकोश काढला. का काढला ते सांगता येत नाही. शिक्षिकेची खोड म्हणा. 'पक्षाघात' शोधला. तो नव्हता. मुलांच्या ज्ञानकोशात तो कशाला असेल? 'पक्षी' होते, रंगीत, चार पानं भरून. मग 'मेंदू' काढला. अक्रोडासारखं चित्र, त्याचे वेगवेगळ्या रंगांचे भाग आणि प्रत्येक भागाला एक बाण. पाहणे, ऐकणे, हालचाल. डाव्या बाजूला एका लहानशा हिरव्या तुकड्याला बाण लावून लिहिलं होतं, 'बोलणे'. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा. मी त्यावर बोट ठेवलं आणि तशीच बसून राहिले. त्याच्यापलीकडे पुस्तकात काही नव्हतं.

इस्पितळात बोलणं शिकवणारी एक मुलगी होती. वयानं माझ्या लेकीएवढी, शांत, मला 'काकी' म्हणायची. आठवड्यातून एकदा आम्ही तिच्याकडे जायचो. तिनं घरी सराव करायला चित्रांचा तक्ता दिला. त्यावर कप, खिडकी, छत्री, सफरचंद, चावी. मी एकेका चित्रावर बोट ठेवायचे, हे ओठ जुळवायचे, कपाळावर घाम यायचा, गळ्याची शीर ताठ व्हायची. शेवटी हे तक्ता डाव्या हातानं बाजूला सारायचे.

मला वाटलं, चूक शब्दांची असेल. घरात आम्ही खिडकी कुठे म्हणतो? जनेल म्हणतो. सफरचंद तर सणासुदीला. मग मी स्वतः तक्ता केला. जनेल, कोप, बाल्दी, पाव, नारळ, पेज. मला खातरी वाटत होती की लहानपणापासूनचा शब्द समोर आला की गाठ सुटेल. असं होईल अशी मी मनातल्या मनात गोष्टसुद्धा रचली होती.

तसं काही झालं नाही. 'खिडकी'ला जेवढा घाम यायचा तेवढाच 'जनेल'ला यायचा. उलट घरचे शब्द समोर आले की ह्यांचे डोळे जास्त भरायचे. एकदा पावाच्या चित्रासमोर हे हुंदके देऊन रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दोन्ही तक्ते मी कपाटावर टाकले.

पण दुपारचा वेळ जाईना. हे आरामखुर्चीत, मी समोर. शाळा नाही, टेम्पो नाही. टीव्ही लावला की हे तोंड फिरवायचे. तिथली माणसं फार भराभर बोलायची. म्हणून मी ज्ञानकोश वाचायला घेतला, मोठ्यानं. ह्यांना शिकवायचा विचारसुद्धा मनात नव्हता. आवाजाला काहीतरी काम पाहिजे होतं. हाताला लागला तो खंड 'प'चा होता. परागकण झालं, पवनचक्की झालं, पृथ्वीची आठ पानं झाली. हे ऐकत होते की नाही ठाऊक नाही. मग एका पानावर बर्फ आणि त्यावर काळ्या पाठीचे, पांढऱ्या पोटाचे पक्षी रांगेनं उभे. मी वाचलं, "पेंग्विन हा न उडणारा पक्षी आहे."

"पेंग्विन," हे म्हणाले.

स्पष्ट. चार लोकांत बोलावं तसं. माझ्या हातून खंड मांडीवरून घसरला. मी ह्यांच्याकडे पाहत राहिले आणि हे माझ्याकडे, माझ्याइतकेच दचकलेले.

"परत म्हणा," मी म्हटलं.

"पेंग्विन."

मी उठले, पुण्याला लेकीला फोन लावला, तिला म्हटलं चित्र दिसेल असा कर. तिच्या ऑफिसात बैठक चालू होती. ती बाहेर जिन्यात आली. "पप्पा, बोला!" हे बोलले. "पेंग्विन." ती हसली, खूप हसली. मग म्हणाली, "पप्पा, आता माझं नाव सांगा."

ह्यांचे ओठ जुळले. तोच घाम, तीच शीर. लेक वाट पाहत होती. मी तिला खुणेनं नको म्हणत होते, पण ती मला बघत नव्हती. शेवटी हे हरल्यासारखे म्हणाले, "पेंग्विन." लेकीनं फोन छताकडे वळवला. बराच वेळ आम्हांला त्या जिन्याचं छत दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यालाच पेंग्विन. पाणी पाहिजे, पेंग्विन. बाहेर जायचं, पेंग्विन. सकाळी पोदेर पाव घेऊन सायकलचा भोंगा वाजवत आला की जनेलाकडे बोट करून पेंग्विन. मला हाक मारायची तरी पेंग्विन. पहिले दोन दिवस मी कौतुकानं ओ दिली. मग माझा धीर सुटायला लागला. ह्या माणसानं जन्मात कधी बर्फ पाहिला नाही. पेंग्विन हा शब्द आधी कधी तोंडात घेतला असेल असं मला वाटत नाही. त्या परक्या पक्ष्याला ह्यांच्या तोंडात जागा मिळाली आणि मला, लेकीला, पाण्याला नाही. हे मी कुणाला बोलले नाही. पण मोरीत भांडी घासताना मला त्या पक्ष्याचा राग यायचा, खराखुरा राग.

इस्पितळातल्या मुलीला मी हे सांगितलं. रागाचं नाही, बाकीचं. ती म्हणाली, "काकी, एक शब्द असा अडकून बसतो. थोड्या दिवसांनी सुटेल. चूक दाखवू नका."

"पण हाच का? पाणी का नाही?"

ती म्हणाली, "मला नक्की नाही सांगता येणार. प्रत्येकाचं वेगळं असतं. पाणी म्हणायला जातात तेव्हा त्यांना ठाऊक असतं की हा आपल्याला यायचा. तिथं भीती येते. पेंग्विन त्यांना कधी यायचाच नाही, तर तो चुकण्याची भीती कसली? असं असेल. मी पुस्तकात वाचून नाही सांगत हां, माझा अंदाज."

मग म्हणाली, "तुम्ही काय वाचता त्यांना? तेच चालू ठेवा."

तेव्हापासून आमच्या दुपारी ज्ञानकोशाला लागल्या. पेज जेवून, भांडी आवरून मी खंड काढायचे. क्रमानं नाही, ह्यांना पाहिजे तो. हे डाव्या हाताचं बोट खंडांच्या कण्यांवरून फिरवायचे आणि एका खंडावर थांबायचे. मी वाचायचे, सावकाश, पहिलीला शिकवताना वाचायचे तसं, प्रत्येक शब्द सुटा. हे चित्रावर बोट ठेवून ऐकायचे. पेंग्विन खरंच सुटला. त्याच्या जागी एक दिवस 'कांगारू' आला, मग 'ज्वालामुखी', मग 'चुंबक'. 'दुर्बीण' अर्धाच आला, 'दुर्बी'. सगळे असे शब्द, ज्यांचं आमच्या घरात काही काम नव्हतं. आणि ग्रहांचं पान ह्यांना फार आवडायचं. काळ्या आकाशात रंगीत गोळे ओळीनं. मी एकेकावर बोट ठेवून म्हणायचे, हे मागून म्हणायचे. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ. काही दिवसांनी मी पहिला म्हटला की पुढचे हे एकटेच म्हणू लागले, गुरू-शनीपर्यंत. पुढच्या दोघांपाशी जीभ अडखळायची, मग मी पुरे करायचे.

खरं सांगायचं तर लग्नानंतर आम्ही दोघं एवढा वेळ एकमेकांसमोर कधी बसलो नव्हतो. ह्यांना कशाचं नवल वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. मुंग्यांच्या वारुळाचं उभं छेदलेलं चित्र हे कितीतरी वेळ पाहत. माणूस चंद्रावर उतरल्याचं पान आलं की हे मान हलवायचे, खोटं आहे अशी. मी म्हणायचे, "अहो, छापलंय इथं." हे ठाम, नाही. मला हसू यायचं. त्या दिवसांत हसण्याचं कारण आम्हांला एवढंच होतं.

सासूबाई गावी धाकट्या दिरांकडे असत. वय झालेलं, गाडी लागायची, म्हणून इस्पितळात आल्या नव्हत्या. दीर त्यांना घेऊन आले तेव्हा ह्यांना कांगारू, ज्वालामुखी येत होते. सासूबाई ह्यांच्या खुर्चीसमोर खालीच बसल्या. ह्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात जड, थंड. तो चोळत चोळत म्हणाल्या, "माका वळाखतंय मां रे, बाबा?"

ह्यांनी जोरात मान हलवली.

"मगे आये म्हण. एकदा आये म्हण."

ह्यांनी तोंड उघडलं. मी दाराआड उभी होते. हे प्रयत्न करत राहिले, डोळे आईवरून हलले नाहीत, आणि शेवटी म्हणाले, "ज्वालामुखी."

सासूबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "काय म्हणता तो?"

"डोंगर असतो एक तसला," मी म्हटलं. "आग ओकणारा. आमच्या वाचनात आला होता."

दिरांनी खाली पाहिलं. सासूबाई परत ह्यांच्याकडे वळल्या. थोडा वेळ हात चोळत राहिल्या. "असूंदे," त्या म्हणाल्या. "बोललो तरी." आणि त्या दिवशी निघेपर्यंत ह्यांनी जितक्या वेळा ज्वालामुखी म्हटलं तितक्या वेळा त्यांनी 'ओ' दिली.

पावसाळा संपता संपता त्या गेल्या. झोपेतच गेल्या. दिरांचा फोन आला तो मी घेतला. आता ह्यांना सांगायचं कसं? मी खुर्चीसमोर बसले. म्हटलं, "गावाहून फोन होता. आई गेल्या." हे माझ्याकडे बघत राहिले. समजलं की नाही म्हणून मी परत बोलणार, तेवढ्यात ह्यांनी डावा हात वर केला. पुरे, असा. मग काठी घेतली आणि उठून आपला शर्ट शोधायला लागले.

अग्नी ह्यांनीच दिला, दिरांनी हात धरून. त्याला कुणी हरकत घेतली नाही. प्रश्न बाराव्याला आला. विधीला बसणाऱ्यानं भटजींच्या मागून म्हणायचं असतं. गोत्र म्हणायचं, गेलेल्यांची नावं घ्यायची आणि पाणी सोडायचं. सकाळी घरासमोर मांडव घातलेल्या खळ्यात गाववाले जमले होते. ह्यांचे चुलते, घरातले सगळ्यांत वडील, खांबाला टेकून बसले होते. ते मोठ्यानं म्हणाले, "वाचाच नाय, तर ह्यो नावां कशी घेतलो? धाकट्याक बसवा."

दीर माझ्याकडे बघायला लागले. "वहिनी, तुमी सांगा."

चुलत्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. ते तिरकसही बोलले नव्हते. मी म्हटलं, "तुम्ही बसा, भावोजी. त्यांना त्रास नको."

हे खुर्चीवर होते. आमचं बोलणं सगळं ह्यांनी ऐकलं. काठी टेकवून उठले, एक एक पाऊल टाकत मांडवाच्या मधोमध आले आणि पाटावर बसायला लागले. पाटावर बसणं ह्यांना तोवर जमलेलं नव्हतं. गुडघा वाकेना. दोघं धावले. ह्यांनी त्यांना दूर केलं नाही, पण थांबलेही नाहीत. त्यांच्या आधारानं बसले, पाय एका बाजूला घेतला आणि दर्भासाठी हात पुढे केला. उजवा, तो जड हात, डाव्या हातानं उचलून.

भटजी मध्यमवयाचे, पेडण्याकडून आलेले, घाईत असणारे. त्यांनी मान हलवली आणि सुरू केलं. मंत्र ते स्वतःच म्हणत होते. ह्यांच्यावाचून अडत नव्हतं. मग ते नावांच्या जागेशी आले. "आता नावं घ्या. मी सांगतो तशी म्हणा. आधी आईचं." आणि त्यांनी सासूबाईंचं नाव सांगितलं.

हे बोलेनात. भटजींनी परत सांगितलं. ह्यांच्या गळ्याची शीर मला लांबून दिसली. मी बायकांत बसले होते. बायांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. मला वाटलं आता उठावं आणि ह्यांना घेऊन घरी जावं, सगळं तिथंच टाकून.

तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. "बुध," हे म्हणाले.

भटजी थांबले.

"शुक्र," हे म्हणाले. शब्द सरळ येत होते. "पृथ्वी. मंगळ. गुरू. शनी."

माझ्या मागे कुणीतरी पोर फिस्सकन हसलं आणि त्याला आईनं चापटलं. चुलत्यांनी मान वळवली. दीर ह्यांच्या पाठीशी बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. मला हे शब्द कुठल्या पानावरचे ते ठाऊक होतं, कोणत्या खंडातले ते ठाऊक होतं. ह्यांच्याकडे ओळीनं म्हणता येतील असे एवढेच शब्द होते, आणि आईसाठी ह्यांनी ते सगळे काढून दिले.

भटजींना ज्ञानकोशाचं काही ठाऊक असायचं कारण नाही. ते म्हणाले, "ग्रहांची नावं घेतलीत. चांगलं आहे. सोडा पाणी." मग सासूबाईंचं नाव, त्यांच्या सासूचं, आजेसासूचं, सगळी नावं त्यांनी स्वतः घेतली, आणि प्रत्येक नावाला दिरांनी ह्यांचा हात धरून पाणी सोडलं.

पंगत उठल्यावर चुलते माझ्याकडे आले. मला वाटलं काही बोलतील. ते म्हणाले, "गो, ह्याका काय काय येता बोलाक?" मी त्यांना सांगितलं. पेंग्विन सांगितला, चुंबक सांगितला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमका ह्यातला कायच ठावक नाय," आणि तांब्याभर पाणी घेऊन हात धुवायला गेले.

घरी परतल्यावर बरेच दिवस हे काहीच बोलले नाहीत. नवे शब्दही नाहीत. दुपारी मी खंड काढले तर हे डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी मुद्दाम ग्रहांचं पान उघडून पुढे धरलं. ह्यांनी ते डाव्या हातानं मिटलं, हळूच, पण मिटलं. मला समजलं की ते पान आता वाचायचं नाही. ते आम्ही आजतागायत वाचलेलं नाही.

त्या दिवसांत मी खूप घाबरले होते. घरात माझा एकटीचा आवाज राहिला. मी भाजीशी बोलायचे, चुलीशी बोलायचे. लेक चार दिवस सुटी घेऊन आली. तिनं बापाला काही विचारलं नाही, नाव सांग म्हणाली नाही. नुसती खुर्चीला टेकून खाली बसायची आणि तिच्या ऑफिसातल्या गोष्टी सांगायची, कोण कुणाशी भांडलं, कोण सोडून गेलं. जाताना मला म्हणाली, "आई, तू वाच. ते ऐकोत, न ऐकोत."

मी वाचायला लागले, माझ्यासाठीच. 'ह'चा खंड घेतला होता. 'हिमनदी' वाचत होते. बर्फाची नदी असते, ती वाहते, पण डोळ्यांना कळत नाही इतकी सावकाश, असं लिहिलं होतं. मी पान उलटायला गेले तर ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. थांब, असा. मी तेच पान परत वाचलं. हे काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी डोळे उघडे होते, आणि दुसऱ्या दिवशी हे माझ्याआधी खंडांपाशी जाऊन उभे राहिले.

आता ह्यांना थोडेफार शब्द येतात. 'हो' आणि 'नको' येतं, 'पाणी' येतं. 'पाणी' कधी आला ते आम्हांला कळलंसुद्धा नाही. एक दिवस म्हणाले आणि मी दिलं, आणि ह्यांनी ते पिऊन टाकल्यावर मला उमगलं. काठी घेऊन नाक्यापर्यंत जातात. खाणी पुन्हा सुरू होणार अशी बोलणी गावात चालतात, ती हे उभे राहून ऐकतात. टेम्पो दिरांनी नेला. इस्पितळातल्या मुलीनं सांगितलं की याच्यापुढे फार आशा ठेवू नका, आहे ते टिकवा. माझं नाव ह्यांना येत नाही. मला वाटतं येणारही नाही. सुरुवातीला मी रोज वाट पाहायचे. हल्ली कधीतरी आठवण होते, सणाच्या दिवशी वगैरे. हाक मारायची असली की हे काठी जमिनीवर आपटतात आणि मी येते.

ज्ञानकोश आमचा वाचून संपला. शेवटचा खंड 'ज्ञ'पाशी संपतो, आणि मागे सूची आहे. मी खंड मिटायला लागले तर हे 'नको' म्हणाले. "अहो, पुढे नुसती नावं आहेत," मी सांगितलं. "नावं आणि पानांचे आकडे." ह्यांनी बोट पुढच्या पानावर ठेवलं.

म्हणून सध्या आम्ही सूची वाचतो. तिच्यात वाक्यं नाहीत, क्रियापदं नाहीत, कुणाला काही समजावून सांगितलेलं नाही. एका ओळीत एक शब्द. मी आकडे सोडते आणि शब्द तेवढे वाचते, मध्ये थांबून थांबून. अगस्ती, अजगर, अणू, अननस. काही हे मागून म्हणतात. काही म्हणत नाहीत, तेव्हा मी थोडा वेळ वाट पाहते आणि पुढचा घेते. कालच्या दुपारी आम्ही 'आ' संपवला. आज 'इंद्रधनुष्य' आहे, तो ह्यांना जड जाईल. पण त्याच्या आधी 'इंजिन' आहे.